पहिला रिमोटचा रणगाडा: तयार घ्यावा की किट बांधावं? आणि कुठला?

तेलकट हात (धागाकर्ता)

रिमोटच्या गाड्या, बोटी हाताळून झाल्यात, रणगाडा पहिलाच. माप १/१६ ठरलंय, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाएवढा. चालवायची जागा: गच्ची, सोसायटीचं मैदान आणि अधूनमधून शेतातली माती. सोल्डरिंग जमतं, रंगकाम जमत नाही. प्रश्न असे:

१. जपानी टामियाचं किट की चिनी हेंगलाँगचं तयार मॉडेल?
२. टायगर, शेरमन, टी-३४ की टी-९०?
३. किती भाग धातूचे असावेत?
४. छर्रे मारणारा घ्यावा की इन्फ्रारेडवाला?

"बजेट असेल तर भारीतला घ्या" असले सल्ले कृपया नकोत. काय बिघडतं आणि का बिघडतं ते सांगा.

सोळावा हिस्सा

तिसऱ्या प्रश्नापासून धरतो, बाकीचे त्यावरच टेकलेत.

पहिल्या रणगाड्याचा पैसा पोटाखाली घालायचा, पाठीवर नाही. पोटाखाली म्हणजे गिअरबॉक्स, स्प्रॉकेट (ट्रॅक ओढणारं दातेरी चाक), आयडलर (दुसऱ्या टोकाचं, ट्रॅकचा ताण ठरवणारं चाक), सस्पेन्शन (चाकांच्या स्प्रिंगा) आणि ट्रॅक (कड्यांचा पट्टा). धूर, आवाज, रंग, धातूची नळी हे सगळं मागाहून बसवता येतं आणि नसलं तरी गाडी चालते. पोटाखालचं कच्चं असेल तर बाकीचं फक्त काचेच्या कपाटात शोभेल.

हेंगलाँग एकच रणगाडा तीन-चार आवृत्त्यांत विकतं. दुकानदार त्यांना अपग्रेड, प्लस, प्रो अशी मनाला येतील ती नावं चिकटवतात. नावाकडे बघूच नका. गिअरबॉक्स कशाचा, स्प्रॉकेट-आयडलर कशाचे, ट्रॅक कशाचे, रोडव्हीलं (ट्रॅकवर टेकणारी मधली चाकं) कशाची, एवढं विचारा. सगळंच प्लॅस्टिक असेल तर सोडून द्या. सिमेंटवर जागच्या जागी वळताना सगळा ताण गिअरच्या शेवटच्या जोडीवर येतो आणि प्लॅस्टिकचे दात तिथेच गळतात. 'कट-कट-कट' असा आवाज आला आणि एकच बाजू चालेनाशी झाली की समजायचं.

माझं मत: धातूचा गिअरबॉक्स आणि सुरुवातीला प्लॅस्टिकचे ट्रॅक. प्लॅस्टिकचा ट्रॅक हा एक प्रकारे फ्यूज असतो. स्प्रॉकेटमध्ये खडा अडकला तर ट्रॅक दात सोडतो किंवा एखादी कडी तुटते, आणि कडी बदलणं पाच मिनिटांचं काम. धातूचा ट्रॅक तुटत नाही, सरकत नाही. मग मोटर जागीच अडते, करंट चढतो आणि बोर्डावरचा मोटर चालवणारा भाग जळतो. नवीन माणसाला खडा अडकल्याचा आवाज ओळखू यायला वेळ लागतो, तोवर स्वस्तातली वस्तू तुटलेली बरी.

धातूचे ट्रॅक घालायचेच असतील तर तीन गोष्टी एकत्र बदलायच्या: ट्रॅक, स्प्रॉकेट, आयडलर. धातूचा ट्रॅक आणि प्लॅस्टिकचं स्प्रॉकेट ही जोडी सगळ्यात वाईट, दात कानशीनं घासल्यासारखे झिजतात. उलट जोडीही डोळे झाकून करू नका. कड्यांचं अंतर दातांशी किंचितही जुळलं नाही तर दर काही कड्यांनी ट्रॅक दातांवर चढतो आणि खट् करून खाली बसतो.

म्युनिकहून

फ्यूजचा मुद्दा पटतो, पण निष्कर्ष पटत नाही. वरचे प्रश्न विचारणाऱ्या माणसाला सोल्डरिंग येतं, म्हणजे तो खऱ्या फ्यूजची व्यवस्था करू शकतो. बॅटरीच्या धन वायरीत गाड्यांचा पात्याचा फ्यूज टाकला की झालं. ५ अँपिअरपासून सुरुवात करा, जागच्या जागी वळताना उगाच उडत असेल तरच ७.५ चा घाला.

धातूच्या ट्रॅकची बाजू अशी की वजन योग्य जागी येतं, म्हणजे अगदी तळाला. हलका प्लॅस्टिकचा रणगाडा ताठ स्प्रिंगांवर उभा राहतो आणि प्रत्येक गोट्यावर खेळण्यासारखा उडतो. सस्पेन्शन दबतच नाही. धातूचे ट्रॅक आले की ट्रॅकचा वरचा भाग चाकांवर सैल पडतो, गाडी दबते, थांबताना नाक जरा खाली जातं. रणगाडा रणगाड्यासारखा दिसतो तो इथे.

तुम्हाला प्लॅस्टिकच ठेवायचे असतील तर ३०० ते ५०० ग्रॅम वजन हलच्या (रणगाड्याच्या धडाच्या) तळाला, मधोमध चिकटवा. चाकांच्या तोलासाठी चिकटवतात त्या शिशाच्या पट्ट्या टायरच्या दुकानात मिळतात. मागच्या टोकाला लावलं तर चढावर नाक वर उचलतं.

सोळावा हिस्सा

फ्यूज मान्य. वजनाचंही मान्य. तरी धातूच्या कड्या जोडणाऱ्या पिनांचं काम नवीन माणसानं पहिल्याच महिन्यात करू नये या मतावर मी आहे. :)

वेगाचा मुद्दा राहिला. बाजारात ३:१ आणि ४:१ असे गिअरबॉक्स मिळतात. हे आकडे पूर्ण रिडक्शनचे (मोटरचा वेग एकूण किती पटीनं घटतो त्याचे) नाहीत, नुसती ओळखीची नावं आहेत. ४:१ हळू आणि जोरकस, धातूचे ट्रॅक असतील तर तोच. दुसरी बघायची गोष्ट म्हणजे स्प्रॉकेटच्या आसाची लांबी. ती मॉडेलप्रमाणे आखूड-लांब असते, त्यामुळे टायगरचा गिअरबॉक्स दुसऱ्या रणगाड्यात बसेलच असं नाही. सुटा मागवताना जुना काढून आस कॅलिपरनं मोजा.

वेग बरोबर आहे का हे डोळ्यांना कळत नाही, मोजावं लागतं. खऱ्या टायगरचा कागदावरचा कमाल वेग ताशी ४५ किमी. भागिले १६ म्हणजे ताशी २.८ किमी, सेकंदाला ७८ सेंटिमीटर. गच्चीवर खडूनं १० मीटर आखा. टायगरला १३ सेकंद लागायला हवेत. टी-३४ चा ५५ धरला तर साडेदहा सेकंद, टी-९० चा ६० धरला तर साडेनऊ. सहा सेकंदांत पोचला तर तो रणगाडा नाही, चिलखत घातलेली बग्गी आहे.

तेलकट हात

दोघांचंही वाचलं. मग कुठला रणगाडा? टायगर दिसायला सगळ्यात भारी वाटतो.

काळी माती

शेतात चालवणार असाल तर टायगर नको. कारण चाकं.

टायगरची रोडव्हीलं एकमेकांत गुंतलेली असतात. कोरड्या गच्चीवर काही त्रास नाही. ओल्या काळ्या मातीत मात्र दोन चाकांच्या फटीत चिखल जातो, दाबला जातो आणि तिथेच वाळतो. आतली चाकं साफ करायची तर बाहेरची काढावी लागतात. पूर्व आघाडीवर खऱ्या टायगरचं हेच झालं होतं, रात्री फटीतला चिखल गोठायचा आणि सकाळी चाकं जाम.

ट्रॅक उतरण्याचं खरं कारण पुष्कळदा ढिलाई नसतंच. चिखल स्प्रॉकेटच्या दातांच्या मुळाशी भरतो. मग कडी मुळापर्यंत बसत नाही, दाताच्या टोकावर तरंगते. तिथून आडवा धक्का बसला की बाहेर. लोक अशा वेळी ट्रॅक आवळतात आणि जास्तच बिघडवतात. चिखलात उलट किंचित सैल बरा, आणि दर दहा मिनिटांनी जुन्या टूथब्रशनं दातांची मुळं मोकळी करायची.

पहिल्यासाठी टी-३४/८५. मोठी पाच चाकं, मधे मोकळी जागा, ट्रॅकचा वरचा भाग पेलणारे रिटर्न रोलर नाहीत. धुवायला पाइप मारला की झालं (पाइप फक्त खालच्या भागावर, हलमध्ये पाणी नको). आकारही सुटसुटीत. टायगर १/१६ मध्ये तोफेसकट सुमारे ५३ सेंमी लांब आणि २३ रुंद. टी-३४/८५ लांबीला ५१ असला तरी रुंदीला जेमतेम १९.

म्युनिकहून

चिखलाबद्दल +१. टायगरच्या बाजूनं एकच गोष्ट: तो वळायला हलका आहे. ट्रॅकचा जमिनीला टेकणारा भाग भागिले दोन ट्रॅकमधलं अंतर, हे गुणोत्तर जितकं कमी तितकं वळणं सोपं. टायगरचं १.३ च्या आसपास, टी-३४ चं १.६ च्या आसपास. म्हणून गालिच्यावर किंवा गवतावर टी-३४ जागच्या जागी फिरवताना मोटर जास्त रडतात. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे असं न करता एक बाजू हळू, दुसरी जोरात असं वळवा. गिअरबॉक्सचं आयुष्य वाढवणारी एवढी स्वस्त युक्ती दुसरी नाही.

काळी माती

बरोबर. त्यात भर: गाडीचं स्प्रॉकेट पुढे आहे की मागे, त्यावर ट्रॅक कधी उतरेल ते ठरतं.

टायगर, पँथर, शेरमन यांचं पुढे. टी-३४, टी-९०, लेपर्ड, एब्रम्स यांचं मागे. स्प्रॉकेट मागे असलेली गाडी पुढे जाते तेव्हा जमिनीवरचा भाग ताणलेला आणि वरचा सैल. रिव्हर्स घेतलात की उलट होतं: वरचा भाग ताणला जातो आणि सगळी सैल जागा स्प्रॉकेट आणि शेवटच्या रोडव्हीलच्या मधे गोळा होते. त्याच क्षणी वळलात तर कडी दाताच्या बाजूनं निसटते. टी-३४ रिव्हर्समध्ये जोरात वळवू नका. थांबा, वळा, मग मागे या. पुढचं स्प्रॉकेट असलेल्या गाडीत हेच पुढे जाताना होतं, म्हणून टायगरचा ट्रॅक बहुधा पुढून उतरतो.

ताण किती? रणगाडा उचलून धरा. रिटर्न रोलर असतील तर दोन रोलरच्या मधे ट्रॅक ५ ते ८ मिलिमीटर झुकायला हवा. रोलर नसतील तर मधल्या चाकांवर तो टेकलेला दिसला पाहिजे आणि बोटानं सेंटिमीटरभर उचलता आला पाहिजे. उचललाच जात नसेल तर फार घट्ट, आयडलर एक घर पुढेमागे करा. ते संपलं तर एक कडी काढा किंवा घाला, पण दोन्ही बाजूंना सारख्या, नाहीतर सरळ जाताना गाडी एका बाजूला ओढते.

घोडदळ

भारतीय रंगात काही करायचं मनात असेल तर शेरमन विसरू नका. १९६५ च्या सप्टेंबरात असल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्स या रेजिमेंटकडे शेरमनच होते. ३ कॅव्हलरीकडे सेंच्युरियन, ८ कॅव्हलरीकडे एएमएक्स-१३. हेंगलाँगचा शेरमन एम४ए३ आहे. आपल्याकडचे शेरमन वेगवेगळ्या उपप्रकारांतले होते आणि काहींवर मूळ तोफ काढून दुसरी बसवली होती, तेव्हा हल आणि टरेटचे (वरच्या फिरत्या घुमटाचे) फोटो जुळवूनच चिन्हं रंगवा. नाहीतर जाणकार पहिल्याच फोटोखाली येऊन बसतात.

टी-९० 'भीष्म' म्हणून रंगवणार असाल तर टरेटच्या तोंडावरचे श्तोराचे (क्षेपणास्त्रांना चकवणाऱ्या रशियन यंत्रणेचे) ते दोन लाल डोळे बघा. भारतीय टी-९० एसवर ते नाहीत. मॉडेलवर असले तर काढून त्या जागी रिअॅक्टिव्ह चिलखताच्या विटा घडवाव्या लागतात. प्लॅस्टिकशीट आणि पुट्टीचं काम आहे, पहिल्या मॉडेलवर नको.

आणि अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम एकदा पाहून या. १९९४ पासून आहे. सेंच्युरियन, विजयंता जवळून बघायला मिळतात. ट्रॅक किती झुकतो, गंज कुठे धरतो, रंग कुठे घासतो हे मॉडेलच्या खोक्यावरच्या चित्रापेक्षा तिथे नीट कळतं.

कथिलवाली

पहिला प्रश्न अजून तसाच पडलाय. टामिया की हेंगलाँग.

टामियाच्या एका पूर्ण किटच्या पैशात हेंगलाँगचे तीन-चार येतात, पण तुलना तेवढीच नाही. टामियाच्या किटमध्ये ड्राइव्ह युनिट, आवाजाचं युनिट, नळी मागे घेणारी यंत्रणा येते. ट्रान्समीटर-रिसीव्हर, बॅटरी, चार्जर सहसा वेगळे, रंग वेगळा, आणि रणगाड्या-रणगाड्यांची लढाई करायची तर बॅटल युनिटही (इन्फ्रारेडनं मार देणारं-मोजणारं) वेगळं. ही यादी न बघता मागवलं की किट आठवडाभर टेबलावर पडून राहतं.

ट्रान्समीटरबद्दल नेमकं: चार चॅनलचा, दोन काठ्यांचा हवा आणि दोन्ही काठ्या सोडल्यावर मधे परत यायला हव्यात. विमानाच्या ट्रान्समीटरची थ्रॉटलची काठी जिथे सोडाल तिथेच राहते. रणगाड्याला ते चालत नाही, हात काढला तरी नळी वर जातच राहील. आत स्प्रिंग घालून दुरुस्त करता येतं, पण आधी कळलेलं बरं. गाड्यांचा पिस्तुलासारखा ट्रान्समीटर इथे बाद.

टामियाचं खरं बळ म्हणजे मॅन्युअल आणि भागांची जुळणी. प्रत्येक स्क्रूचा नंबर, कुठे ग्रीस, कुठे नाही, सगळं चित्रात. बांधताना यंत्र डोक्यात बसतं, म्हणून बिघडल्यावर शोधाशोध होत नाही. हेंगलाँग तयार येतो आणि आत काय आहे ते पहिल्या बिघाडाच्या दिवशी कळतं. मधला मार्ग असा: हेंगलाँग घ्या, चालवायच्या आधी एकदा पूर्ण उघडा आणि नीट करून बंद करा.

उघडल्यावर काय करायचं:

वरचा हल खालच्या स्क्रूंवर धरलेला असतो. सुटला की झटक्यानं उचलू नका, टरेटच्या वायरी बोर्डात खोचलेल्या असतात. प्लग काढायच्या आधी फोनवर फोटो.

गिअरबॉक्समध्ये ग्रीस बघा. कधी नसतंच, कधी सगळं एका कोपऱ्यात. धातूच्या गिअरला पांढरं लिथियम ग्रीस, तांदळाच्या दाण्याएवढं प्रत्येक जोडीला. प्लॅस्टिकच्या भागांना सिलिकॉन ग्रीस. मोटरच्या छोट्या गिअरची पकड तपासायला वहीच्या कागदाची पट्टी दातांमधून फिरवा. कागद सुरकुतून बाहेर आला पाहिजे. फाटला तर पकड घट्ट, नुसता निसटला तर सैल.

ग्रब स्क्रूला (गिअर आसावर धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारं द्रव) लावा, पण फक्त धातू-धातूच्या जागी. हे द्रव एबीएस प्लॅस्टिकला लागलं की स्क्रूभोवती बारीक तडे जातात आणि महिन्याभरानं स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची बोळीच फुटते. टाचणीच्या टोकावर घेऊन लावायचं.

मोटरच्या दोन टोकांमध्ये १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, आहे का बघा. नसेल तर लावा. टरेट आपोआप थरथरणं, आवाज मधेच तुटणं याचं मूळ पुष्कळदा मोटरच्या ब्रशच्या ठिणग्यांत असतं, आणि लोक बोर्ड बदलत बसतात.

स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा, 'टक' असा जुना आटा सापडतो, मग आवळा. प्लॅस्टिकमध्ये दर वेळी नवा आटा कापला की चौथ्या वेळी भोक मोठं झालेलं असतं.

तेलकट हात

कागदाच्या पट्टीबद्दल विशेष आभार, ताई. बॅटरीचं काय? सोबत येते तीच ठेवू?

कथिलवाली

सोबतची चालते, दोन सेलची ७.४ व्होल्टची असते. सोबतचा यूएसबी चार्जर हळू आहे, काही तास लागतात, पण त्रास देत नाही. दुसरी बॅटरी करवून घेणार असाल तर एक नेहमीचा घोटाळा लक्षात ठेवा. बाजारात १८६५० मापाच्या लिथियम-आयन सेलचे तयार पॅक मिळतात, त्यांच्यातलं संरक्षणाचं छोटं बोर्ड कधी कधी कमी करंटचं असतं. सरळ चालताना सगळं ठीक. जागच्या जागी वळलं की दोन्ही मोटर सरळ चालण्याच्या दुप्पट-तिप्पट करंट ओढतात, पॅक स्वतःला बंद करतो आणि रणगाडा एकदम मेल्यासारखा थांबतो. बॅटरी काढून परत लावली की पुन्हा सुरू. हा मेन बोर्डचा दोष नव्हे. पॅक घेताना किती अँपिअर सतत देतो ते विचारा, १० च्या खाली घेऊ नका.

लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) वापरत असाल तर प्रत्येक सेल ३.४ व्होल्टवर आला की ओरडणारा बझर लावा. काही आठवडे पडून राहणार असेल तर ३.८ वर ठेवा, पूर्ण भरलेली नाही आणि रिकामी तर नाहीच. मे महिन्यात बंद गाडीत बॅटरी सोडून जायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

सोळावा हिस्सा

चौथा प्रश्न पटकन उरकतो. आत्ताच्या बऱ्याच हेंगलाँगमध्ये दोन्ही असतं: ६ मिलिमीटरचे छर्रे आणि इन्फ्रारेड. निवडायची वेळ आली तर इन्फ्रारेड. छर्ऱ्यांचं युनिट बसलं की नळी मागे जाण्याच्या यंत्रणेला सहसा जागा उरत नाही. स्वस्त छर्ऱ्यांवर शिवण असते, ते अडकतात आणि आतला स्प्रिंगचा गिअर दात गमावतो. सोसायटीच्या मैदानावर पोरं असतात, डोळ्यांचा प्रश्न आहेच. बाहेरून मागवताना छर्रे उडवणारी वस्तू कस्टमला खटकायची शक्यताही जास्त.

इन्फ्रारेडमध्ये टरेटवर एक रिसीव्हर बसतो, छंदातले लोक त्याला 'अॅपल' म्हणतात. मार बसला की गाडी हिसका देते, ठरावीक मार झाले की बंद पडते. हलका-मध्यम-जड असं ठरवता येतं: जड गाडी जास्त मार सोसते पण पुन्हा गोळी भरायला जास्त वेळ घेते. भर उन्हात पल्ला कमी होतो, त्यामुळे लढाई संध्याकाळी पाचनंतर. समोरच्याचा रणगाडा टामियाच्या पद्धतीशी जुळतो का हे आधी विचारा, नाहीतर दोघे एकमेकांवर नुसते दिवे मारत बसाल.

म्युनिकहून

धुराबद्दल कोणी बोललं नाही. धुराच्या डबीत तेलात भिजलेली वात आणि तिच्याभोवती तापणारी तार असते. तेल संपल्यावर चालू राहिली की वात जळते आणि तार तुटते. येते ती बाटली वापरा. संपली तर रेल्वे मॉडेलचं धुराचं तेल, म्हणजे खनिज तेलाच्या जातीचं. खोबरेल, गोडं तेल वगैरे घालू नका, काजळी धरते आणि गच्चीभर तळणीचा वास. एका वेळी १५-२० थेंब पुरतात. जास्त घातलं तर धूर येत नाही, पिचकारी येते, आणि तेल टरेटच्या प्लगांपर्यंत पोचतं. चालवायचा नसेल तेव्हा धुराचा स्विच बंद.

तेलकट हात

ठरलं. टी-३४/८५, २.४ गिगाहर्ट्झवाला, धातूचा गिअरबॉक्स, प्लॅस्टिकचे ट्रॅक, इन्फ्रारेड. सोबत मागवतोय: जादा ट्रॅकच्या १० कड्या, दुसरी बॅटरी, लिथियम ग्रीस, १०४ चे सहा कपॅसिटर, फ्यूज आणि त्याचा होल्डर, निळ्या थ्रेडलॉकची छोटी बाटली. काही राहिलं?

कथिलवाली

एक मल्टिमीटर असेलच. नसेल तर घ्या. फ्यूजच्या जागी तो अँपिअरवर जोडून पहिल्या दिवशी दोन आकडे लिहून ठेवा: चाकं हवेत असताना किती, जमिनीवर सरळ चालताना किती. डावी-उजवी बाजू वेगवेगळी चालवून बघा. महिन्याभरानं एका बाजूचा आकडा वाढलेला दिसला तर त्या बाजूला केस गुंतलेत, आस वाकलाय किंवा ग्रीस सुकलंय. आवाज यायच्या आधी आकडा सांगतो.

आणि खोकं उघडल्यावर घाबरू नका: आधी ट्रान्समीटर चालू, मग रणगाडा, मग ट्रान्समीटरवरचं इंजिन सुरू करायचं बटण. ते दाबून इंजिनचा आवाज येईपर्यंत काठ्या कितीही हलवा, गाडी जागची हलत नाही. 'नवीन आलेला पीस बंद आहे' या तक्रारींतला मोठा हिस्सा या बटणाचा.

सोळावा हिस्सा

रंगकाम जमत नाही म्हणालात, तरी एक करा. चकाकणारं प्लॅस्टिक मॅट वार्निशच्या पातळ फवाऱ्यानं मारून टाका. आधी भांड्यांच्या साबणानं धुवा, वाळवा, ३० सेंमी अंतरावरून दोन हलके हात. लॅकरचा जाड थर देऊ नका, ताण आलेल्या एबीएसला स्क्रूंपाशी तडे जातात. ट्रॅकवर रंग मारू नका, मऊ प्लॅस्टिकवर तो पापुद्र्यासारखा निघतो.

काळी माती

पुढेमागे धातूचे ट्रॅक घालाल (घालालच), तेव्हासाठी. पिना हळूहळू बाहेर सरकतात. प्रत्येक पिनेच्या बाहेरच्या टोकाला सुपरग्लूचा एकच थेंब, सुईनं. मधल्या सांध्यात गेला तर कडी ताठ होते आणि स्प्रॉकेटवर चढते. तेल लावू नका, धूळ धरून कानशीचं काम करतं. कोरडी ग्राफाइटची पूड लावा. पहिल्या दोन-तीन बॅटऱ्या होईपर्यंत दर पंधरा मिनिटांनी आतल्या बाजूनं बोट फिरवून बघा, एखादी पिन टोचली की पंचनं आत ठोका.

अवांतर: खऱ्या टी-३४ ची गोष्टही हीच होती. त्याच्या पिनांना आतल्या बाजूला अडवणारं काही नव्हतं, त्या हलकडे सरकायच्या. कारखान्यानं हलच्या मागच्या बाजूला एक उतरती लोखंडी पट्टी वेल्ड केली होती. बाहेर आलेली पिन तिथून जाताना पट्टीवर आपटायची आणि आपोआप आत ठोकली जायची. मॉडेलमध्ये त्या पट्टीचं काम तुमच्या बोटाकडे.

तेलकट हात

ही पट्टी पत्र्याची करून मॉडेलवर लावली तर?

काळी माती

१/१६ मध्ये पिनेला तेवढा जोर मिळत नाही. पट्टी वाकेल, नाहीतर ट्रॅक अडेल आणि म्युनिकवाल्यांचा फ्यूज उडेल. दिसायला म्हणून लावा, पिनेपासून दोन मिलिमीटर लांब.